डॉप्लर नॉर्मल, तरी ओव्हरीला पीळ : सोनोग्राफीच्या खोलीतून

राखाडी_छटा | सोमवार, रात्री ९.१०

पाळीच्या दुखण्याच्या धाग्यावर गेल्या आठवड्यात एकीने दुसरीला धीर देताना लिहिलं होतं, "डॉप्लर नॉर्मल आलंय ना? मग पीळबीळ काही नाही. गरम पाण्याची पिशवी घे आणि झोप." (डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीतलीच रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, आणि पीळ म्हणजे ओव्हरी, म्हणजे अंडाशय, स्वतःभोवती फिरून आवळली जाणं.) हेतू चांगला होता म्हणून तिथे गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण तेच वाक्य जरा डॉक्टरी भाषेत मी स्वतः एकदा रिपोर्टवर लिहून खाली सही केलेली आहे.

मी रेडिओलॉजिस्ट. जिल्ह्याच्या गावात सोनोग्राफी सेंटर चालवते. ही गोष्ट सेंटर टाकलं त्या पहिल्याच वर्षातली. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. रात्री साडेअकराला एका सर्जनचा फोन आला, "पोरगी पाठवतोय, अपेंडिक्स वाटतंय, बघून घे." एकोणीस वर्षांची मुलगी, संध्याकाळपासून उजवीकडे ओटीपोटात कळ, तीन उलट्या. टेबलावर पाय पोटाशी घेऊन पडलेली. अपेंडिक्स मला दिसलं नाही. उजवी ओव्हरी मात्र चांगली सात सेंटिमीटरची दिसली, त्यात पाचेक सेंटिमीटरची डर्मॉइड (आत केस-चरबी असलेली) गाठ, आणि ती नेहमीच्या जागी नव्हती. गर्भाशयाच्या वर, जवळजवळ मधोमध येऊन बसली होती. डॉप्लर लावलं, लाल-निळे ठिपके दिसले, धमनीचा आलेखही मिळाला. जीव भांड्यात पडला. लिहिलं : 'उजव्या ओव्हरीत डर्मॉइड. रक्तप्रवाह व्यवस्थित. पिळाची लक्षणं नाहीत.'

तिला वेदनाशामक इंजेक्शन मिळालं, झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी कळ दुपटीने आली. पोट उघडलं तेव्हा ओव्हरीच्या देठाला (रक्तवाहिन्या नेणाऱ्या बंधाला) अडीच वेढे होते आणि ओव्हरी पिकल्या जांभळासारखी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती काढून टाकली.

सर्जन मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता यात चुकलं काय ते सांगते. अंडाशय हवेत लटकल्यासारखं असतं. एका बाजूने कंबरेच्या भिंतीकडून येणारा बंध आणि दुसऱ्या बाजूने गर्भाशयाला जोडणारा बंध, असं दोन खुंट्यांना टांगलेलं. रक्तही दोन्हीकडून येतं : एक धमनी थेट महाधमनीतून, दुसरी गर्भाशयाच्या धमनीची फांदी. गाठीमुळे वजन वाढलं की ते स्वतःभोवती गिरकी घेऊ शकतं, बऱ्याचदा गर्भनलिकेसकट. गिरकी बसली की सगळं एकदम बंद पडत नाही. शिरा मऊ, पातळ भिंतीच्या, कमी दाबाच्या. त्या आधी चेपतात. धमनी जाड, दाबाने वाहणारी. ती तग धरते. म्हणजे जत्रेत आत यायचं गेट उघडं आणि बाहेर पडायचं गेट बंद. रक्त येत राहतं, जात नाही. ओव्हरी सुजते, सुजेचा दाब वाढतो, आणि मग कधीतरी धमनीही हार मानते. मी त्या मुलीला पाहिलं ते या मधल्या तासांत. धमनीचा प्रवाह दिसणारच होता! शिवाय पीळ कधी सैल पडतो, कधी पुन्हा घट्ट होतो. बाई ज्या क्षणी टेबलावर आली तेवढाच क्षण मी पाहते.

म्हणून डॉप्लरचं उत्तर एकाच दिशेने उपयोगी आहे. सुजलेल्या, दुखऱ्या ओव्हरीत प्रवाह अजिबात नसेल, मशीनची सेटिंग नीट असेल आणि दुसऱ्या बाजूला प्रवाह छान दिसत असेल, तर पिळाचा संशय फार बळावतो. प्रवाह आहे, म्हणून पीळ नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

मग बघायचं काय? साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रातच बरंच असतं. दुखणाऱ्या बाजूची ओव्हरी दुसरीपेक्षा ठळकपणे मोठी. मधला भाग सुजून राखाडी-धूसर, आणि छोटी बीजकोशं (बीज वाढतं त्या पिशव्या) कडेला ढकललेली, माळेतल्या मण्यांसारखी. जागा बदललेली. गर्भाशय पिळाच्या बाजूला ओढलेलं. थोडं पाणी साठलेलं. आणि सगळ्यात मोलाची खूण म्हणजे देठाचा भोवरा. पिळलेल्या देठावरून प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा दांडा) हळू पुढे-मागे नेला की रक्तवाहिन्या गोल गोल फिरताना दिसतात, नाल्यात पाणी भोवरा करत उतरतं तशा. ओव्हरीच्या पिळातल्या या खुणेवर २००४ साली कोइम्बतूरच्या डॉ. बूपती विजयराघवन यांनी एका अमेरिकन अल्ट्रासाउंड नियतकालिकात लेख लिहिला. आपल्याकडच्या एका सोनोग्राफी सेंटरमधून गेलेली गोष्ट आहे ही, आणि आज जगभर शिकवतात. मी त्या रात्री ओव्हरीवरच थांबले होते, देठाकडे गेलेच नव्हते.

प्रश्न असतील तर विचारा. कुणाच्या रिपोर्टवर इथे निदान देणार नाही, तेवढं आधीच सांगते.


चैत्रपालवी_२ | सोमवार, रात्री ९.४२

स्वतःची चूक अशी लिहायला धाडस लागतं. वाचतेय.


सुपारीफूल | सोमवार, रात्री १०.०५

माझीच कथा लिहिलीत की काय असं वाटलं. फक्त मला 'मुतखडा' सांगितला होता. पहिलं बाळंतपण होऊन दोन वर्षं झाली होती. उजव्या कुशीतून मांडीपर्यंत कळ, घाम, उलटी. तासाभराने आपोआप थांबायची. दोन दिवस असं चाललं. सलाइन लावून 'भरपूर पाणी प्या, खडा पडून जाईल' म्हणून घरी पाठवलं (कुठे ते लिहीत नाही). तिसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, खडा असा सुट्टी घेऊन येत-जात नाही, चल दुसरीकडे. तिथे आतून सोनोग्राफी केली आणि त्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मी इथे दाबते तेव्हा तीच कळ येते का?" आली! तेवढ्यावरच त्यांचा चेहरा बदलला.

माझी ओव्हरी वाचली. सहा सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ होती.


राखाडी_छटा | सोमवार, रात्री १०.२०

@सुपारीफूल, नणंदेला माझा नमस्कार सांगा. खड्याची कळही लाटांसारखी येते, म्हणून फसगत होते. त्यात पहिली सोनोग्राफी 'किडनीसाठी' म्हणून झाली असेल तर ओव्हरीकडे घाईत बघितलं जातं. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच शोधलं जातं, हा आमच्या धंद्याचा जुना रोग.

'इथे दाबल्यावर तीच कळ का' हा प्रश्न कुठल्याही मशीनमध्ये बसवलेला नाही. आपल्याकडे रेडिओलॉजिस्ट स्वतः प्रोब धरतो, याचा हा फायदा.


ठाम_मत | मंगळवार, सकाळी ७.५५

सगळं वाचलं. म्हणजे सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर आणि नशिबावर अवलंबून. मग हा खेळ कशाला? सरळ सीटी स्कॅन करा, दहा मिनिटांत दूध का दूध पानी का पानी. की सेंटरला सोनोग्राफीचे पण पैसे आणि मग सीटीचे पण पैसे पाहिजेत?


राखाडी_छटा | मंगळवार, दुपारी १.३०

माझ्याकडे सीटी नाही हो, त्यामुळे त्या पैशांत माझा वाटा नाही :)

प्रश्न मात्र योग्य आहे. सीटी पिळासाठी म्हणून क्वचितच सांगतात, पण अपेंडिक्सच्या किंवा खड्याच्या संशयाने झालेल्या सीटीत पीळ सापडतो, आणि हे वारंवार घडतं. मोठी झालेली, मधोमध सरकलेली ओव्हरी, तिच्याकडे झुकलेलं गर्भाशय, जाडावलेली नलिका, भोवतालच्या चरबीत धूसरपणा, कधी वळलेला देठ. शिरेतून औषध देऊन काढला असेल तर ओव्हरी त्याने उजळत नाही, हेही कळतं. उलट बाजूने, सीटीत दोन्ही ओव्हरी स्वच्छ, लहान, जागच्या जागी दिसत असतील तर पिळाची शक्यता फारच कमी उरते. अशा वेळी केवळ सोपस्कार म्हणून पुन्हा सोनोग्राफी करण्यात फारसा अर्थ नसतो.

पण विशीतल्या मुलीच्या ओटीपोटावर क्ष-किरण टाकायचे, आणि तीच गोष्ट किरणांशिवाय दिसू शकत असताना, हे आधी करायचं काम नाही. सीटी हे एका क्षणाचं छायाचित्र. देठ हलवून बघता येत नाही, 'इथेच दुखतं का' विचारता येत नाही. आणि दूध का दूध तिथेही होत नाही. थोडा पीळ असेल तर सीटीही गोंधळात टाकतो.


फळाखडू | मंगळवार, दुपारी ३.१५

ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे डॉप्लर शब्द दिसला की राहवत नाही. ख्रिश्चन डॉप्लर मूळचा साल्झबर्गचा. १८४२ साली प्रागमध्ये त्याने जो निबंध वाचला तो जोडताऱ्यांच्या रंगाबद्दल होता. रक्ताचा संबंध नाही. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवाले बसवून आवाजासाठी ते तपासून पाहिलं. वर्गात हे सांगितलं की मागचा बाकही जागा होतो.

मुद्दा असा की डॉप्लरच्या सूत्रात कोनाची कोज्या (कोसाइन) असते. लहरीची दिशा आणि रक्ताची दिशा यांत नव्वद अंशांचा कोन झाला की कोज्या शून्य, म्हणजे रक्त धो धो वाहत असलं तरी यंत्र म्हणणार, काही हलत नाही! तर ताई, प्रवाह 'दिसला नाही' हेसुद्धा फसवं असू शकतं ना?


राखाडी_छटा | मंगळवार, रात्री ८.४०

सर, अगदी बरोबर. म्हणून वर 'मशीनची सेटिंग नीट असेल तर' अशी पळवाट ठेवली होती, तुम्ही पकडली.

ओव्हरीतलं रक्त मुळातच संथ. मशीनचा वेगाचा पट्टा मानेच्या रक्तवाहिनीसाठी ठेवलेला असेल तर ते संथ रक्त गाळणीतून गळून जातं आणि पडदा कोरडा दिसतो. जाड पोट असेल, ओव्हरी खोल असेल, तर परत येणारा आवाजच क्षीण. म्हणून शिस्त अशी : आधी न दुखणाऱ्या बाजूच्या ओव्हरीवर प्रवाह नीट दिसेपर्यंत सेटिंग जमवायची, मग त्याच सेटिंगवर दुखरी बाजू बघायची. प्रोबचा कोन बदलून बघायचा. पॉवर डॉप्लर नावाचा प्रकार कोनावर कमी अवलंबून असतो, तोही वापरायचा. आणि धमनीच्या आलेखावर समाधान मानायचं नाही, शिरेचा मिळतो का ते शोधायचं. पीळ असताना आधी शीरच गप्प होते.

तुमच्या गोष्टीला माझीही एक जोड. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली कापून काढलेल्या गाठी बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या आणि धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्राखाली धरल्या. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. त्यात एक बाई होती जिला जठराचा कर्करोग, आता काही उपाय नाही, असं सांगितलं होतं. यंत्राने दाखवलं की ते पाणी भरलेलं मोठं पोकळ काहीतरी आहे. निघाली ओव्हरीची गाठ. काढली, बाई बरी झाली. थोडक्यात, आमच्या विद्येचा श्रीगणेशाच ओव्हरीच्या गाठीवर झालाय.


टाके_आणि_गाठी | मंगळवार, रात्री ११.५०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतो. आता ऑपरेशन थिएटरातून आलो, म्हणून जरा तिरकस लिहिलं गेलं तर माफ करा.

रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या रिपोर्टची शेवटची ओळ असते : 'कृपया रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे.' अहो, रुग्णाच्या लक्षणांमुळेच तर तुमच्याकडे पाठवलं! पडताळून पाहायला तुम्हीच सांगितलं तर आम्ही कुणाकडे पाठवायचं?

हा टोमणा झाला. आता कामाचं. पिळाचं निदान चित्रावर पक्कं होत नाही, आत बघितल्यावर होतं. चित्र मला एवढंच सांगतं की आत जाण्याइतका संशय आहे की नाही. अमेरिकेतल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींतल्या पिळाबद्दल मत प्रसिद्ध केलं, त्यातही हेच आहे : शस्त्रक्रियेआधी खात्रीने सांगेल अशी लक्षणं किंवा तपासणी नाही, आणि केवळ डॉप्लरवर निर्णय सोडू नका. आत गेलो आणि पीळ नव्हता असं माझ्या हातून झालंय. नाभीजवळ एक टाका आणि दोन दिवसांचं दुखणं, एवढ्यावर निभावलं. ओव्हरी गेली असती तर ती परत येत नाही.

दुसरी गोष्ट धागाकर्तीने ओझरती लिहिली आहे, मला ती ठळक करायची आहे. 'काळी-निळी दिसली म्हणून काढून टाकली.' आम्ही शिकलो तेव्हा हेच शिकवायचे. पीळ सोडवला तर आतल्या गुठळ्या सुटून फुप्फुसात जातील अशी भीती घालायचे. ती भीती निराधार ठरली आहे. काळीनिळी ओव्हरी ही बहुतेक वेळा रक्ताने तुंबलेली असते, मेलेली नसते. सोडवून ठेवायची. टेबलावर रंग परतला नाही तरी ठेवायची. दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफीत त्याच ओव्हरीत बीजकोशं वाढताना दिसतात, बहुतेक जणींत दिसतात. सुजलेल्या ओव्हरीतली गाठ त्याच वेळी सोलायची की सहा-आठ आठवड्यांनी, हे त्या त्या वेळी ठरवायचं. पाळी गेलेल्या बाईचं गणित वेगळं. तिथे गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता धरावी लागते आणि सहसा काढलीच जाते.


राखाडी_छटा | बुधवार, सकाळी ६.५०

डॉक्टर, 'पडताळून पाहावे' ही ओळ मी पिळाच्या रिपोर्टवरून केव्हाच उडवली. आता लिहिते : 'प्रवाह दिसतो, तरी पीळ नाकारता येत नाही', आणि फोन करते. रात्रीच्या रिपोर्टमध्ये कागदापेक्षा फोनला जास्त किंमत आहे.

त्या मुलीबद्दल तुमचं वाचून पुन्हा आत कालवलं. आज असती तर सोडवून ठेवली असती.


मोगरीकाकू | बुधवार, सकाळी १०.३०

माझ्या पुतणीला डाव्या ओव्हरीत ४ सेंटिमीटरची गाठ निघाली आहे. वय १७, कबड्डी खेळते, जिल्हा पातळीवर. दुखत काही नाही, दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी झाली होती. आता घरात रोज भांडण. आजी म्हणते खेळ बंद, उड्या मारून पीळ पडेल. खरं आहे का?


टाके_आणि_गाठी | बुधवार, दुपारी २.१०

काकू, तिला न बघता सांगतोय, तेव्हा तिच्या डॉक्टरांचा शब्द वरचा. सर्वसाधारणपणे या वयातल्या साध्या पाण्याच्या गाठी पाळीच्या चक्रातल्याच असतात आणि दोन-तीन चक्रांत विरतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगतात. पिळाचा धोका पाच सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. आणि डावीपेक्षा उजवीकडे पीळ जास्त सापडतो. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते हे त्याचं एक कारण मानतात. खेळ बंद करायचा की नाही हे गाठीचा प्रकार बघून ठरेल. घरात सगळ्यांना एक माहीत असू द्या : अचानक एका बाजूला जोराची कळ आणि सोबत उलटी, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.


राखाडी_छटा | बुधवार, दुपारी २.४५

यात एक भर. लहान मुलींमध्ये गाठ नसतानाही पीळ पडतो. बंध लांब आणि सैल असतात, निरोगी ओव्हरीच फिरते. सहा-सात वर्षांची मुलगी 'पोट दुखतं' एवढंच सांगते, कुठे ते सांगता येत नाही, आणि घरचे म्हणतात शाळा बुडवायला नाटक. मुलींच्या पोटदुखीत अपेंडिक्स बघतो तसं दोन्ही ओव्हरींचं आकारमान मोजून तुलना करायला हवी. एक दुसरीच्या कितीतरी पट दिसली की कान टवकारायचे.


नागमोडी | बुधवार, रात्री ९.००

थोडं नाजूक विचारते. मुलीचं लग्न झालेलं नाही म्हणून सेंटरवर 'वरूनच करू' म्हणाले आणि त्यासाठी चार बाटल्या पाणी प्यायला लावलं. ती कळवळत होती, उलट्या होत होत्या, प्यायलेलं सगळं बाहेर. दीड तास त्यात गेला. दुसरा मार्ग नव्हता का?


राखाडी_छटा | बुधवार, रात्री १०.२५

होता. वरून बघताना भरलेलं मूत्राशय आम्हाला खिडकीसारखं लागतं, ते खरं. पण उलट्या करणाऱ्या मुलीला पाणी पाजणं दोन्हीकडून चूक. ते टिकत नाही, आणि ऑपरेशन ठरलंच तर भूल देणारे म्हणतात पोट रिकामं नाही. सलाइन लावून मूत्राशय भरू देता येतं, किंवा नळी घालून त्यातून भरता येतं. आणि मूत्राशय अर्धवट भरलेलं असलं तरी एकदा प्रोब ठेवून बघायचंच. सात सेंटिमीटरची ओव्हरी तेवढ्यातही दिसते.

आतली सोनोग्राफी म्हणजे योनीमार्गातून. कधीच संबंध न आलेल्या मुलीत ती करत नाही. पण 'लग्न झालेलं नाही' आणि 'संबंध आलेले नाहीत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आईला पाच मिनिटं बाहेर बसवून मुलीला विचारायला हवं, आणि तिची संमती तिच्याकडूनच घ्यायला हवी. मुलगी अल्पवयीन असेल तर पालक आणि कायदा दोन्ही आले. गुदमार्गातून प्रोब घालून बघणं हाही एक पर्याय आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण चित्र चांगलं मिळतं. हा पर्याय सांगितलाच जात नाही, कारण आमचीच जीभ अडखळते.


दुसरी_पाळी | गुरुवार, पहाटे ५.१५

टोरांटोहून लिहितेय, इथे सोनोग्राफर आहे. (नाव 'शिफ्ट'वरून घेतलंय, वाचून भलते अर्थ काढू नका.) इथे चित्र आम्ही काढतो आणि रेडिओलॉजिस्ट दुसरीकडे बसून वाचतात. बाई कळवळत होती की शांत होती, हे त्यांना मी लिहिलं तरच कळतं. पुतणीवाल्या काकूंसारखे प्रश्न इथेही तेच.

दोन गोष्टी. पोट दुखणारी प्रजननक्षम वयातली बाई आली की आधी गर्भ राहिलाय का ही तपासणी, कारण नलिकेतला गर्भही असाच दुखतो. आणि भोवऱ्याबद्दल : तो स्थिर चित्रात हरवतो. मी देठावरून प्रोब नेतानाची छोटी चित्रफीत साठवते, कारण वाचणाऱ्याला तो फिरताना दिसायला हवा. भारतात अजून बऱ्याच ठिकाणी कागदावर चार छापील चित्रं देतात. दुसऱ्या डॉक्टरला त्यातून भोवरा कसा दिसणार?


ठाम_मत | गुरुवार, सकाळी ८.२०

नळी घाला, गुदमार्गातून बघा, पोटात दुर्बीण घाला आणि निघालं काही नाही तर 'एक टाका'. लोकांना घाबरवून गिऱ्हाईक करायचे धंदे. आमच्या आजीच्या काळी हे पीळ नव्हते.


सुपारीफूल | गुरुवार, सकाळी ८.४१

होते. 'पोटात दुखून गेली' म्हणायचे.


चैत्रपालवी_२ | गुरुवार, सकाळी ११.००

माझा अनुभव आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा). इंजेक्शनं घेऊन दोन्ही ओव्हरी संत्र्याएवढ्या झाल्या होत्या, नंतर गर्भ राहिला आणि सातव्या आठवड्यात डावीकडे कळ. दोन्हीकडे सगळंच मोठं, मग 'एक बाजू मोठी' ही खूण तिथे चालते का? शिवाय त्या वेदनेत फॉर्म भरून घेतला, ओळखपत्र मागितलं. नवरा चिडला होता. म्हणाला, इथे जीव चाललाय आणि यांना आधार कार्ड हवंय.


राखाडी_छटा | गुरुवार, रात्री ९.३५

फॉर्मचं आधी. गर्भवतीची कुठलीही सोनोग्राफी असो, दुखणं ओव्हरीचं असो की अपेंडिक्सचं, १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली 'एफ' फॉर्म भरावाच लागतो. कोरा राहिला तर सेंटरला सील लागू शकतं. आपल्या राज्यात मुलींच्या संख्येचं जे झालं ते बघता मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. पण तो तातडीच्या आड यायला नको. माझ्याकडे मदतनीस बाहेर नवऱ्याकडून माहिती घेते, तोवर मी आत जेल लावलेलं असतं. सही तेवढी बाईची लागते.

आयव्हीएफमध्ये खरंच अवघड होतं. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन-चार महिन्यांत, पिळाचा धोका मुळातच वाढतो, त्यात इंजेक्शनांनी फुगलेल्या ओव्हरी. दोन्ही मोठ्या, दोन्हीत गाठीच गाठी, पोटात पाणी. आकाराची खूण बाद. तिथे देठच शोधायचा, आणि डावी-उजवीची तुलना आकाराने न करता पोताने आणि प्रवाहाने करायची. तरी ठरेना तर एमआरआय. त्यात क्ष-किरण नाहीत, आणि गर्भारपणात शिरेतून गॅडोलिनियम (चित्र उजळवणारं औषध) न देताही सूज आणि आत झिरपलेलं रक्त कळतं. फक्त रात्री अकरा वाजता एमआरआय मिळणारी गावं किती? चाळीस मिनिटं यंत्रात आणि दोन तास ॲम्ब्युलन्समध्ये जाणार असतील तर मी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगते, थांबू नका.


नागमोडी | शुक्रवार, दुपारी १२.१०

हा धागा वाचून मी माझीच जुनी फाइल काढली. कॉलेजात असताना एकदा रात्रभर भयंकर दुखलं होतं, पहाटे एकदम थांबलं, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय : उजवी ओव्हरी ६.१ × ४.८ × ४.० सेंमी, कडेला अनेक लहान बीजकोशं, डावी ३.२ × २.५ × २.१ सेंमी. निष्कर्ष : पीसीओडी (ज्यात सहसा पाळी अनियमित होते तो ओव्हरीचा आजार). वर्षभर गोळ्या घेतल्या, वजन कमी करायचे सल्ले ऐकले. माझी पाळी तेव्हाही घड्याळासारखी यायची.


राखाडी_छटा | शुक्रवार, रात्री १०.००

निदान देणार नाही म्हणाले होते, ते पाळते. फक्त आकडेमोड करते. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणलं की आकारमान मिळतं. उजवी साधारण ६१ सीसी, डावी ९ च्या आत. पीसीओडीमध्येही बीजकोशं कडेला माळेसारखी दिसतात, आणि निकषासाठी एका ओव्हरीचं आकारमान १० सीसीच्या वर असलं तरी पुरतं. म्हणजे कागदावर तो रिपोर्ट चुकला असं म्हणता येत नाही. पण त्या आजारात सहसा दोन्ही ओव्हरी थोड्या थोड्या मोठ्या असतात. एक ९ आणि एक ६१, आणि आदल्या रात्री ती कळ, हे माझ्यासमोर आलं असतं तर मी पीळ पडून आपोआप सुटला का, असा प्रश्न लिहिला असता.

नंतर कधी सोनोग्राफी झाली का? त्यात उजवी किती होती?


नागमोडी | शुक्रवार, रात्री १०.१८

लग्नानंतर झाली होती. शोधते.

सापडली. उजवी ३.४ × २.४ × २.०. डावी जवळजवळ तेवढीच.


राखाडी_छटा | शुक्रवार, रात्री १०.२६

दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये, वरच्या बाजूला ठेवा. पुन्हा तशी कळ आलीच तर रात्री कितीही वाजले असोत, फाइल घेऊन निघा, आणि टेबलावर आडवं व्हायच्या आधी ती सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातात द्या.